नाव नसलेले आवतण

मंगळवार पेठेत तीस वर्षे पत्रिकावाल्या मामांना वगळून एकही लग्न झाले नाही, आणि मामांच्या स्वतःच्या घरी या तीस वर्षांत एकही कार्य झालेले नाही. अपवाद फक्त एका रविवारचा. त्या दिवशी नेमके कोणते कार्य होते, हे आलेल्यांपैकी कुणालाही अजून धड सांगता येत नाही.

मामा माझ्या नात्यातले नव्हेत. आमच्या समोरच्या घरात ते आणि मामी राहतात, मूलबाळ नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये ते कटिंग मशीनवर होते आणि छापलेल्या पत्रिका घरोघर पोचवण्याचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले होते. वधूपित्याने केलेली यादी ते आधी लाल पेनाने दुरुस्त करत. "हे घर राहिलं बगा. ह्यांच्या आजीनं तुमच्या बारशाच्या घुगऱ्या वाटलेल्या," असे ते सांगत, आणि वधूपित्याला स्वतःचे बारसे आठवत नसल्याने मान डोलवावी लागे. एका घरात दोन भाऊ बोलत नसतील, तर थोरल्याची पत्रिका दुकानात आणि धाकट्याची घरी, पण एकाच दिवशी, दुपारच्या आत. म्हणजे आधी कुणाला मिळाली यावरून नवे भांडण नको. पत्रिका नुसती हातात देणे त्यांना मान्य नव्हते. उंबऱ्यावर उभे राहून अक्षता द्यायच्या, तिथी, मुहूर्त आणि 'जेवायला सहकुटुंब' हे शब्द मोठ्याने वाचायचे, आणि समोरचा 'येतो' म्हणेपर्यंत हलायचे नाही. काही माणसे केवळ सुटका व्हावी म्हणून लग्नाला आली, असे माझे निरीक्षण आहे.

या कामात त्यांचा एकच कायदा होता. आवतण घेऊन गेलेल्या माणसाने त्या दारात आपले काम काढायचे नाही. एका वळवाच्या वादळात त्यांच्या घरावरचे पत्रे उडाले. दुसऱ्या दिवशी ते पत्र्याच्या व्यापाऱ्याकडे गेले, त्याच्याच चुलतभावाची पत्रिका दिली, चहा घेतला आणि परत आले. व्यापाऱ्याला ही बातमी तीन आठवड्यांनी कळली. तो तणतणत आला, "मामा, माझ्या दारात येऊन गप बसलासा?" मामा म्हणाले, "त्या दिशी मी तुमच्या भावाकडनं आलतो."

मग पत्रिका फोनवर जाऊ लागल्या. प्रेसमधले मशीन बंद झाले आणि मामा घरी बसले. याच काळात मामींच्या बहिणीचा मुलगा टाय लावून त्यांच्याकडे येऊ लागला. आरोग्याची पावडर विकणाऱ्या एका कंपनीत तो लागला होता. आपण माणसे जोडायची, त्यांनी आणखी जोडायची, आणि प्रत्येकाच्या खरेदीतला वाटा वर येत राहायचा, असा तो व्यवसाय. "काका, ओळखीच्या शंभर नावांची लिस्ट करा," असे त्याने सांगितले. मामांनी संध्याकाळपर्यंत सहाशे बारा नावे लिहिली, गल्लीवार. मुलगा ती वही बराच वेळ छातीशी धरून बसला होता.

व्यवसायात शिरावे की नाही, हे मात्र मामांचे ठरेना. ते नृसिंहवाडीला जाऊन आले. दत्तानेही काही स्पष्ट केले नाही. मग माझ्याकडे आले. "तू पेपरात हुतास. सांग, धरू का सोडू?" मी म्हणालो, लोक ती पावडर पुन्हा घेतील का, ते बघा. मामा म्हणाले, "पावडरीचं न्हाय रं. माणसांचं इचारतोय."

अखेर आधी एक बैठक घेऊ, मग ठरवू, असे ठरले. बोलावताना कारण सांगायचे नाही, ही कंपनीची शिकवण. "नवरा-नवरीचं नाव न घालता पत्रिका वाटायची व्हय?" असे मामांनी विचारले, पण भाच्याने गळ घातली. मामा अक्षता घेऊन निघाले आणि चाळीस घरी एवढेच म्हणाले, "रविवारी सकाळी अकराला आमच्यात कार्यक्रम हाय. सहकुटुंब यायला लागतंय." कुणी कारण विचारले नाही. ते शोधण्याचे काम पेठेने स्वतःकडे घेतले. पुरुषांच्या मते मामांची साठी होती. बायकांचे म्हणणे वेगळे होते.

रविवारी चाळीस घरांतून दीडशे माणसे आली. टॉवेल, टोप्या, नारळ, मामींना साड्या. भाच्याच्या अंदाजाने मामींनी पंचवीस जणांचा शिरा केला होता. शेजारच्या तीन घरांतल्या चुली पेटवाव्या लागल्या. कोपऱ्यावरच्या शिंपिणीने मामींच्या हातात एक पिवळे झबले ठेवले आणि कानाशी विचारले, "कुटं हाय बाळ? निजलंय व्हय?" मामी झबले घेऊन आत गेल्या.

हे मामांनी पाहिले होते की नाही, सांगता येत नाही. तोवर भाच्याने पांढऱ्या फळ्यावर एक गोल काढून त्यात 'काका' लिहिले होते, खाली तीन रिकामे गोल. "तुमच्या जवळची तीन नावं सांगा." मामांनी सवयीने मानाच्या क्रमाने पहिले नाव सांगितले, ते तालमीच्या वस्तादांचे. वय पंच्याऐंशी, फेटा बांधून पुढेच बसलेले.

"मला कुटं बशिवलंस रं पोरा?"

"काकांच्या खाली, आजोबा. आता तुमच्या खाली..."

"ह्याच्या बाला मी हौद्यातल्या मातीत लोळवलाय. आन् मी ह्याच्या खाली?"

दीडशे माणसे हसली. मामा हसले नाहीत. आहेरातला एक टॉवेल उचलून त्यांनी फळा पुसला. आधी वस्तादांचा गोल, मग स्वतःचा. "कार्यक्रम एवढाच," ते म्हणाले. "जेवल्याबिगर कुणी जायचं न्हाय."

भाचा त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "काका, एवढी माणसं कुणाकडंच येत नाहीत. नुसतं हो म्हणा."

"म्हणतो की. पण उद्या ह्यांच्या दारात गेलो, तर आतनं कडी लागंल का उघडंल, तेवढं लिहून दे."

भाच्याने लिहून दिले नाही. फळा घेऊन तो दुपारच्या गाडीने गेला.

निघताना वस्तादांनी मामांच्या पाठीत बुक्की घातली. "तीस वर्सं दुसऱ्याचंच आवतण घिऊन येतोस लेका. एकदा तुझं आलं. कशाचं हुतं, ते ऱ्हाऊ दे."

आता पेठेत काही घरे फोनवर पत्रिका पाठवून झाल्यावर पाच छापील पत्रिका तेवढ्या मामांकडे देतात. पाच घरे उरकायला मामा अख्खा दिवस लावतात. त्या रविवारचा आहेर रीतीप्रमाणे एकेका घरच्या कार्यात परत गेला. कोणती टोपी कुणाला, कोणती साडी कुणाच्या सुनेला, मामांनी क्षणात सांगितले. कपाटात फक्त पिवळे झबले उरले आहे. पेठेत दर महिन्याला कुठे ना कुठे बारसे असते. मामी ते बाहेर काढतात आणि मामांना विचारतात, यांच्याकडे देऊया का? मामा झबल्याकडे बघतात, त्या घराची तीन पिढ्यांची नाती मनाशी लावतात आणि म्हणतात, "ऱ्हाऊ दे. बगू पुढच्याला."