मिठाच्या जागेवरची डबी

भावजींच्या डोक्यावर टोपी नव्हती. गोहलपुरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझे दीर दवाखान्यातून बोडक्या डोक्याने येताना दिसले आणि मला समजलं, हे गेले. मी अंगणात लेकीला, बबीला न्हाऊ घालून राहिली होती. तिच्या डोळ्यांत साबण, ती रडते, आणि मी तांब्या धरून तशीच उभी. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आतून विचारत होत्या, कोण आलं, अगं कोण आलं... आणि आम्हा दोघांपैकी कोणाला सांगवेना. आता दीड महिना झाला. मी चौथी शिकलेली, लिहायची सवय नाही, पण एक गोष्ट पोटात आहे आणि ती आतल्या आत मला खाऊन राहिली आहे.

हे माशा बांधत. घरात उडतात त्या नाही. साहेब लोक नर्मदेवर महाशीर मासा धरायला जातात, त्यांच्या दोरीला लावायच्या खोट्या माशा. लहानपणी एका म्हाताऱ्या साहेबाकडे कामाला होते, तिथे शिकले, आणि सदर बाजारातल्या एका दुकानात बांधून देत. रेशमाचा धागा मेणातून ओढायचा, गळावर गुंडाळायचा, मग लोकर, लोकरीवर चांदीची जर, मानेशी कोंबडीचं पीस आणि पाठीवर दोन पंख. एक पंख पाखराच्या डाव्या बाजूचा, एक उजव्या, त्यांच्या काड्यापेट्याही वेगळ्या. मी एकदा दोन्ही डावेच काढून दिले, तर त्यांनी मुद्दाम तशीच माशी बांधली आणि बादलीत ओढून दाखवली. कशी गरगर फिरली ती. जर माझ्या लग्नाच्या शालूची होती. पदर विरला म्हणून मी रडली, तर म्हणाले, "रडते काहून? तुझा पदर नर्मदामाईच्या तळापर्यंत जाऊन येते, तू कधी गेली काय?"

त्यांची माशी पाण्यात बुडून चालणारी, म्हणून पीस मऊ पाहिजे. ते ओठांवर फिरवून पाहत. कोंबड्याचं टोचते, कोंबडीचं टोचत नाही. आत्याबाई सोवळ्याच्या, त्यांना हे कसं चालावं? बारा चुळा भरल्याशिवाय पाटावर बसू देत नसत. हे म्हणत, "आई, कोंबडीनं काय पाप केलं, तिनं तर नुसतं पीस दिलं." आत्याबाई म्हणत, तिच्या पिसानं पोट भर मग, मी वाढत नाही. आणि वाढतही असत.

पण मांडणी पाहावी तर यांची. समोर पाटाला ठोकलेला, गळ पकडून ठेवणारा लोखंडी शिकंजा, आणि भोवती सगळं ताट वाढल्यासारखं. मिठाच्या जागेवर गळांची डबी, चटणीच्या जागेवर मेण, भाजीच्या जागेवर पंखांच्या पेट्या, आणि मागे उजव्या हाताला, पाण्याचा तांब्या ठेवतो तिथे, लोकरीचा डबा. झाकणं सगळी उघडी. बसले की खाली पाहायचं नाही, डोळे माशीवर, हात आपोआप जाते आणि बरोबर तेच घेऊन येते. उठताना प्रत्येक डब्यात कडुलिंबाचा पाला, किडा लागू नये म्हणून. मी हसायची, जेवायला बसले वाटते माझे साहेब.

तेव्हा बबी नुकतीच रांगायला लागली होती. त्या दिवशी दुकानाचा माणूस दाराशी आला, हे उठून गेले, आणि बबी सरळ मिठाच्या जागेकडे... तिचा हात डबीपासून वीतभरही नव्हता. मी धावली. तिला उचललं, आणि घाबरून गळांची डबी मागे लोकरीच्या जागेवर सरकवली, लोकरीचा डबा पुढे ठेवला. एवढंच केलं मी. सांगायला पाहिजे होतं, पण दूध उतू जाऊन राहिलं होतं, मी चुलीकडे पळाली. हे परत येऊन बसले, दाराकडे तोंड करून अजून बोलतच होते, "हां भैया, परसों तक हो जाएगा," आणि बोलता बोलता हात मागे गेला. लोकर मुठीने काढायची असते, म्हणून बोटं खोल घातली...

गळ अंगठ्याच्या नखाखाली गेला. त्यांनी हात मागे ओढला. डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आत्याबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या, त्यांनी विचारलं, काय झालं रे?

"काही नाही आई. माझाच हात चुकला."

अंगठ्याला हळद बांधली आणि आठवडाभर काम केलं. एका सकाळी माशीला एक पंख लावला आणि मान धरली म्हणून उठले. दुपारी भाताचा घास घ्यायला तोंड उघडेना. धनुर्वात. दवाखान्यात अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं, आवाज झाला की झटका येते, म्हणून बोलायची मनाई. मी पायाशी उभी राहिली. माझी चूक झाली हो, एवढं म्हणायचं होतं, आणि तेच म्हणता येईना. म्हटलं असतं तर त्यांचं अंग धनुष्यासारखं ताणलं असतं... मी तोंडात पदर कोंबून घरी आली.

तेरवी झाली. भावजी म्हणाले सामान दुकानात देऊन टाकू. आत्याबाई म्हणाल्या, आधी ऊन दाखवा, पाला बदला. मागच्या आठवड्यात मी सगळं काढलं आणि त्यांच्यासारखं मांडलं. गळांची डबी मिठाच्या जागेवर ठेवली, बरोबर तिथेच, जशी काही कधी हललीच नव्हती. आत्याबाईंना समजलं तर मला आणि बबीला घरात ठेवतील काय, हीच भीती दीड महिना.

आत्याबाई उठल्या, डबी उचलली आणि वरच्या फळीवर ठेवली. म्हणाल्या, "वरच राहू दे. लेकरू रांगते. त्या दिवशीही रांगतच होतं."

मी विचारलं, तुम्ही पाहिलं होतं, आत्याबाई? त्या म्हणाल्या,

"माझाच हात चुकला म्हणाला तो. माझ्या लेकाचा शब्द मी काहून खोटा पाडू?"

मग भावजींना सांगितलं, सामान कुठे जाणार नाही, ही बांधेल, त्याच्या हाताशी बसून शिकली आहे.

शिकंज्यात ती एका पंखाची माशी आहे. मी काम करायला बसते तेव्हा ती काढून ठेवते, उठताना परत लावते. दुसरा पंख लावायचं धाडस नाही. माझा हात अजून मिठाच्या जागेकडे जाते, तिथे जमीन लागते. मग मी उठते, फळीवरून डबी खाली घेते आणि एक एक गळ पाहून उचलते.