दादाच्या मनात न मावणारा देव

गेल्या महिन्यात एका मंगळवारी मी दादाला दुपारची गोळी द्यायला गेले, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून रडत होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दिल्लीच्या एका कॉलेजात त्याने तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. मेंदूतल्या गाठीने त्याची आठवण कुरतडायला घेतली, तेव्हा मी त्याला नोएडाला माझ्याकडे आणलं होतं. "नलू, तो लहान होतोय," दादा म्हणाला. तो म्हणजे देव, हे मला लगेच कळलं. दोन दिवसांनी दादा गेला.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून दिल्लीत वाढलो. घरात रोज प्रार्थना व्हायची, पण देव सिद्ध करायचा नाद एकट्या दादाला. मध्ययुगातल्या एका ख्रिस्ती मठवाशाचा युक्तिवाद तो मला भाजी निवडताना ऐकवायचा: ज्याहून मोठं काही मनात आणताच येत नाही, तो देव. तो नुसता मनातच असेल, तर खरोखर असलेला त्याहून मोठा ठरेल. म्हणून तो असलाच पाहिजे.

"मग मी मनात जगातला सर्वांत उत्तम फ्लॅट आणते. मिळेल?"

"बिल्कुल नाही! फ्लॅटवर आणखी एक मजला चढवता येतो, बाई. देवावर नाही. तू आपली किराण्याची यादी कर."

आजारात हाच युक्तिवाद त्याच्यावर उलटला. आधी पुस्तकं मनात राहीनात, मग विद्यार्थ्यांची नावं, मग आईचा चेहरा... त्या मंगळवारी तो म्हणाला, "या डोक्यात आता मोठं काही मावत नाही. मग जो उरलाय, तो देव कसा? मी चाललोय कुणाकडे?" मी म्हणाले, "दादा, आधी गोळी घे. डोक्याला ताण नको." त्याने मुकाट्याने तोंड उघडलं.

परवा त्याच्या वह्यांची खोकी काढली. तो आला तेव्हा मीच ती भरून, 'आत्ता नको' अशी चिठ्ठी लावून माळ्यावर चढवली होती. तिसऱ्या वहीत त्या मठवाशावरच्या तासाची टिपणं होती आणि खाली दादाच्या अक्षरात: "मुलांना इथेच थांबू देऊ नये. पुढे तो म्हणतो, देव विचारात मावण्याहूनही मोठा आहे." म्हणजे दादाच्या मनात तो मावेनासा झाला, यात भिण्यासारखं काहीच नव्हतं. उत्तर त्याचंच होतं. तो विसरला होता. तो माझ्याकडे होता ते तीन महिने ते माळ्यावर, त्याच्या डोक्यावरच पडून होतं आणि शिडी माझ्याकडे होती.

वही घेऊन मी त्याच्या खोलीत गेले. गादी उन्हात टाकलेली. पलंगाच्या नुसत्या फळ्या. त्यांवर बसून मी ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग पुन्हा, एकेक शब्द सुटा करून... शेजारीण दारात आली, "आंटी, सब ठीक है?" मी मान हलवली आणि वाचत राहिले.

उशिरा वाचलेलंही दादापर्यंत पोचावं, इतका तरी देव मोठा असावा. तेवढा तो आहे का, हे ज्याला विचारायचं, त्यालाच मी गोळी देऊन गप्प केलं.