रजईतला ताप

पंचवीस वर्षं मी हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, लश्कर नावाच्या भागातल्या एका शाळेत फिजिक्स शिकवते आहे. उष्णतेचा धडा झोपेतही म्हणून दाखवीन: जास्त तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे उष्णता जाते. एवढं साधं. आणि वेळ आली तेव्हा घरात मी तोंडाला कुलूप लावून बसले.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात भर दुपारी आमचे हे पडाव भागात टेम्पोची वाट पाहत तासभर उन्हात उभे राहिले आणि झोकांड्या खातच घरी आले. अंग कोरडं ठणठणीत आणि तव्यासारखं तापलेलं. सासूबाईंनी दिवाणातली हिवाळ्याची रजई काढून यांच्यावर घातली, खिडक्या लावल्या. म्हणाल्या, "घाम फुटला की ताप उतरेल."

मी म्हटलं, "आई, हा तसला ताप नाही, लू लागली आहे, ऊन बाधलंय. रजई काढा, ओली चादर घालू, पंखा लावू."

"तुझं शाळेतलं शाळेत ठेव. चार मुलं वाढवलीत मी. चुपचाप बैठ."

आणि मी बसले. बाहेर शेहेचाळीस अंश, भिंतींना हात लावता येत नव्हता. खोलीतली उष्णता यांच्या अंगात शिरत होती आणि बाहेर पडायची एकच वाट होती, अंगावर पाणी वाळण्याची. तीही आम्ही कापसाने बुजवली. सगळं कळत होतं मला. पण सासूने घातलेलं पांघरूण सुनेने ओढून काढायचं, याचीच भीती जास्त. जळलं मेलं ते शहाणपण. दोन तासांनी हे बरळायला लागले, मला ओळखेनात, तेव्हा कुठे कंपू भागातल्या दवाखान्यात नेलं. तिथे आधी अंगावर पाणी ओतलं, बर्फ लावला.

हे वाचले. पण जीभ जड झाली, चालताना भिंत धरावी लागते, नोकरी सुटली. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की देवाने मुलगा परत दिला. मी ऐकून घेते आणि आतल्या आत धुमसते, त्यांच्यावर कमी, स्वतःवर जास्त.

गेल्या महिन्यात घरी शिकवणीला आलेल्या मुलींपैकी एकीने विचारलं, "मॅडम, रजाई गर्मी देती है ना?" मी समजावलं, रजई उष्णता देत नाही, नुसती अडवते. आत बर्फ ठेवला तर बर्फ टिकतो. तापलेला माणूस ठेवला तर तो तापलेलाच राहतो.

मुली गेल्यावर शेजारच्या खोलीतून हे भिंत धरत आले. एकेक शब्द जुळवत म्हणाले, "हे तुला... तेव्हाही माहीत होतं?"

सासूबाई समोरच भाजी निवडत होत्या. मी एकदा बोलले होते, असं सांगता आलं असतं. मी फक्त 'हो' म्हटलं.