अर्ध्या कोयत्याला औषध देऊन भागत नाही

जामखेडला परिचारिकेच्या नोकरीसाठी गेले, तेव्हा डॉक्टर शशिकलाबाईंनी माझी प्रमाणपत्रं बाजूला सारून एकच विचारलं, "तोंडात तीळ भिजतो का?" मी घाबरत हो म्हटलं. असं का विचारलं, ते पुढे कळलं. गरोदर पोरींच्या रक्तात कधी कधी गरमीचा आजार, म्हणजे सिफिलिस, निघतो, आणि बातमी सासरी फुटली की दोष पोरीच्याच माथी येतो.

बाई यंदा पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या या गौरवग्रंथात गोड लिहावं, हे मलाही कळतं. पण त्यांच्याबरोबर काम करणाऱ्याच्या जिवालाच स्वस्थता नसते, तर ती लेखात कुठून आणू?

गेल्या दसऱ्यानंतर एकोणीस वर्षांची एक पोर आली. पहिलं बाळ मेलेलंच जन्मलेलं, आता दुसऱ्यांदा दिवस गेलेले आणि रक्तात हाच आजार. सुया आठवड्याच्या अंतराने घ्यायच्या होत्या, आणि ऊसतोडीची टोळी तर दुसऱ्याच दिवशी निघणार होती. बाईंनी सोबत आलेल्या सासूला बाहेर चहा पाठवला आणि पोरीला विचारून नवऱ्याला एकट्यालाच आत बोलावलं.

"मला काय बी झालं न्हाई. तिलाच द्या सुई," तो म्हणाला.

ऊसतोडीत टोळीचा मुकादम नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतो. बाईंनी विचारलं, "तुमचा मुकादम अर्धा कोयता घेतो का?"

"न्हाई."

"मग अर्ध्या कोयत्याला औषध देऊन माझं कसं भागेल? तिच्या सुया होतील. तुमच्या राहिल्या, तर आजार पुन्हा तिच्याकडे जाईल, तिथून बाळाकडे."

त्याने मान खाली घातली. "म्हंजी मीच दिलं व्हय तिला?"

"कुणी दिलं ते मी विचारत नाही. बाळ वाचावं, एवढंच बघते."

तो सुई घ्यायला उठला. मुकादमाला उशिरा येतो म्हणून फोनही त्यानेच केला.

दोघांच्या सुया पूर्ण झाल्या. तरी बाळाला आधीच काही बाधलं असेल का, हे आज कुणीच सांगू शकत नाही. पोरीचे दिवस भरत आलेत. बाईंचे गुडघे साथ देत नाहीत, पण दवाखान्यात पाऊल टाकताच त्या तिचीच चौकशी करतात.

सत्काराची तारीख बाईंनी अजून दिलेली नाही. "ते बाळ रडलेलं ऐकू द्या, मग घाला हार," म्हणाल्या. बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि ते बाळ खणखणीत रडो.