उन्हात ठेवलेले सेल

झाशीच्या नगरा भागातल्या मार्तंडरावांना रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आणि रेल्वे कॉलनीत आता त्यांना कुणी पार्सलबाबू म्हणत नाही. 'बेलावाले पंडितजी' म्हणतात. बेला म्हणजे व्हायोलिन. झाशीतली जुनी माणसं तसंच म्हणतात. नोकरीत त्यांनी काय दिवे लावले ते कुणाला आठवत नाही, पण गणपतीत त्यांनी वाजवलेली बेतवा नदीची धून लोक अजून गुणगुणतात.

खरं म्हणजे ती धून त्यांची अर्धीच. मूळ अंगाई त्यांच्या बायकोची, लीलाबाईंची. लीलाबाई लक्ष्मी गेटच्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांचं घराणं झाशीत इतकं मुरलेलं की त्यांचं मराठी ऐकून मार्तंडरावांच्या भुसावळच्या बहिणी पदराआड हसायच्या. मुलीला थोपटताना त्या स्वतःच जुळवलेलं काहीबाही गात, 'निज गं बिन्नू, बेतवा निजली.' बिन्नू म्हणजे बुंदेलीत लाडकी पोर. ड्यूटीवरून आलेले मार्तंडराव दारातच चपला काढता काढता थबकायचे, आणि चहा समोर येऊन गार झाला तरी ते सूर त्यांच्या डोक्यात घोळत असायचे.

लीलाबाई गेल्या, तेव्हा मार्तंडरावांना वाटलं होतं की आवाज तरी आपल्याजवळ राहील. सुरुवातीला राहिलाही. दुपारी डोळा लागता लागता तो स्वयंपाकघरातून यायचा आणि ते सुखाने कूस बदलायचे. पुढे पुढे नुसते शब्द यायला लागले. 'जेवायला या' हे शब्द असायचे, पण ते म्हणणारं कुणी नसायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोचा आवाज विसरलो, हे सांगायचं तरी कसं?

एका रविवारी त्यांची मुलगी बकुळ सिविल लाइंसमधून आली आणि माळा आवरायला बसली. ती बँकेत आहे. तिला मराठी समजतं सगळं, बोलताना मात्र गाडी हिंदीच्या रुळावर जाते. माळ्यावर जुना टेपरेकॉर्डर सापडला आणि त्यात अडकून बसलेली कॅसेट.

"बाबा, यात आई आहे का?"

"आहे," मार्तंडराव म्हणाले, आणि पुढे सरकून बसले.

बकुळने वायर लावली. आधी पेटीचा सूर आला, मग व्हायोलिन. काय तो हात होता! धून पळत होती नुसती. याच टेपपायी मार्तंडरावांनी पुढे व्हायोलिन कायमचं बंद करून ठेवलं होतं. पन्नाशीत ती ऐकली, बोटं तितकी पळेनात, आणि गडी रुसून बसला तो बसलाच. आताही त्यांनी मान हलवली, दुसऱ्याच कुणाला दाद द्यावी तशी.

मग अंगाई आली.

बकुळ नीट कान देऊन ऐकत राहिली आणि हळूच म्हणाली, "बाबा, ये आई नहीं है. कोई लड़की है."

आवाज बारीक होता, घाईचा होता, शाळेतल्या पोरीसारखा. शब्द तेच, बिन्नू तीच, बेतवा तीच. गाणारी मात्र त्यांना ओळखू येईना. इतके दिवस मनात दडवलेली भीती आता लेकीसमोर येऊन बसली होती. त्यांना रडू आवरेना, म्हणून ते उठून कोपऱ्यातल्या पेटीशी गेले आणि उगाच भाता हलवत राहिले. लीला नेहमी काळी एकमध्ये गायची. त्यांनी ती पट्टी दाबली.

टेप तीन पट्ट्या वर, पांढरी तीनमध्ये गात होती.

त्यांनी पुन्हा दाबली. टेपमधली पेटी हीच, घरातली. माणसाचा गळा चढेल, पेटी कशी चढेल? आणि टेपमधली पेटीसुद्धा चढलेलीच होती.

"त्या दिवशी लाइट नव्हती," ते सावकाश म्हणाले. "सेलवर केलं होतं हे. सेल संपलेले होते. तुझ्या आईने गच्चीवर उन्हात तापवून आणले होते."

ही त्या काळची घरोघरची युक्ती. संपलेले सेल उन्हात ठेवले की थोडा वेळ जीव धरतात. जीव धरतात म्हणजे रेंगाळत चालतात. टेप तेव्हा रेंगाळत फिरली होती, म्हणून आता पूर्ण विजेवर ती धावत होती. मार्तंडरावांना आधी हसूच आलं. म्हणजे तो पळणारा हात कधी नव्हताच! चार मेलेल्या सेलांनी त्यांना नसती कीर्ती दिली होती, आणि तिच्याशी चढाओढ करून ते हरून बसले होते.

टेप पुन्हा तशीच रेंगाळावी म्हणून बकुळने टॉर्चमधले आणि रेडिओमधले दमलेले सेल काढले आणि गच्चीच्या कठड्यावर मांडले. बापलेक तिथेच सावलीला बसले. लांब यार्डात डबे जोडल्याचे आवाज येत होते, किल्ल्यावर घारी फिरत होत्या. उन्हाच्या झळांनी मार्तंडरावांचे डोळे मिटत होते, तरी झोप येत नव्हती.

खाली येऊन सेल घातले. बकुळने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. मार्तंडरावांनी काळी एक दाबून धरली.

अंगाई सुरू झाली ती जरा चढीच. सेल दमत गेले तशी ती पायरी पायरीने खाली येऊ लागली. पोरीचा आवाज भरत गेला, घाई निवली. पेटीचा सूर आणि तो आवाज जवळ आले, थरथरले आणि एक झाले. बकुळच्या तोंडून नुसतं "आई" निघालं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

अंगाई संपली. टेपमध्ये बांगड्या वाजल्या, आणि लीलाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "निजली हो बिन्नू. झालं असेल तुमचं, तर जेवायला या."

"आलोच," मार्तंडराव म्हणाले, आणि पट्टीवरचं बोट काढून उठलेसुद्धा.

टेप घरघरली, आवाज जाड झाला आणि थांबला. मार्तंडराव उभेच होते. बकुळने मोबाइल बंद केला, डोळे पुसले.

"बाबा, तुमचा आवाज पण आला यात. काटून टाकू?"

"नको," ते म्हणाले. "तिने बोलावलं होतं."