मिश्राबाईंच्या क्लासातली शर्माबाई

कप आधी खाली ठेवा, नाहीतर चहा सांडाल. आता काय सांगू तुम्हाला, या बयेनं, म्हणजे मीच हो, स्वतःच्या हातानं स्वतःचा कसा पोपट करून घेतला ते ऐका!

ऐरोलीत आमच्या सोसायटीत मला सगळे 'सावंत मॅडम' म्हणतात. शाळेतली नोकरी सुटल्यापासून मी दुपारी घरीच इंग्रजीचा क्लास घ्यायचे. विद्यार्थिनी सगळ्या उत्तरेकडच्या. कुणाचा नवरा तळोज्याला कारखान्यात, कुणाचा इथेच कंपनीत. मुलांच्या शाळेत टीचरसमोर चार वाक्यं इंग्रजीत बोलता यावीत, एवढीच त्यांची इच्छा. लिफ्टमध्ये कुणी "नमस्ते मॅडम" म्हटलं की माझी मान अशी ताठ व्हायची म्हणून सांगू!

आणि मग डी विंगमध्ये भाड्यानं मिश्राबाई राहायला आल्या. कानपूरच्या. आल्या त्या आल्या, त्यांनीही इंग्रजीचाच क्लास काढला. माझ्या बायका एकेक करून तिकडे सरकल्या. शेवटी उरल्या गुड्डी आणि रेखा. त्यातही गुड्डी मलाच येऊन सांगायची, "मॅडम, वो मिश्रा दीदी इन्फिनिटिव एक दिन में समझा देती हैं!"

एका दिवसात? अहो, मी त्या इन्फिनिटिव्हवर अख्खा पावसाळा घालवला होता! व्याख्या, प्रकार, उपप्रकार, फळा भरभरून! आणि एवढं करून बायका "आय वॉन्ट गो"च म्हणायच्या.

जळले हो मी! खोटं कशाला बोलू? भाजी निवडताना जळायचे, कपडे वाळत घालताना जळायचे. समोर डी विंगच्या दारात चपलांचा ढीग दिसला की मी जेवण सोडून जोड मोजत बसायचे.

आमचे हे म्हणाले, "अगं, तिचं तिला, तुझं तुला."

"तुम्ही गप्प बसा. ती नक्की काय शिकवते ते मला बघायचंय."

मिश्राबाईंच्या नव्या बॅचचा फुकट डेमो होता. ठरवलं, जायचं. वेश पालटून! मिश्राबाईंनी मला कधी जवळून पाहिलं नव्हतं. उलट्या पदराची साडी नेसले, भांगात लांबलचक शेंदूर भरला, डोक्यावर पदर, तोंडाला मास्क. नाव घेतलं शर्मा. गाव कानपूर. का? तर बाईंना आपुलकी वाटावी म्हणून! अक्कल बघा माझी.

"तुझं हिंदी ऐकून लिफ्टसुद्धा मधेच थांबेल," हे म्हणाले आणि ऑफिसला गेले.

चार वाजता क्लासात मागे बसले. मिश्राबाई उभ्या राहिल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "देखो बहनो, हिंदी में क्रिया के पीछे 'ना' लगता है. खाना, जाना, सोना. अंग्रेज़ीवाले वही चीज़ आगे लगाते हैं, 'टू'. टू ईट, टू गो, टू स्लीप. मैं जाना चाहती हूँ, आय वॉन्ट टू गो. और पीछे कुछ चिपकाना नहीं, न 'इंग', न 'ईडी'. बस, इतना ही!"

इतकंच? बायका पटापटा बोलायला लागल्या हो! "आय वॉन्ट टू ईट, आय लाइक टू कुक!" इतकं सोपं मला का नाही सुचलं?

तेवढ्यात बाई माझ्याकडे वळल्या. "शर्माजी, आप बोलिए. मैं सोना चाहती हूँ."

आता मी अडाणी दिसायला हवी ना? दहावीच्या मुलांना व्याकरण शिकवलेली मी, काळजावर दगड ठेवून बोलले, "आय वॉन्ट टू स्लीपिंग."

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कोई बात नहीं. आपके लिए मैं अलग से टाइम निकालूँगी. पहले आप चाय पीजिए."

माझ्यासाठी! अलग से टाइम!

चहा हातात येतोय तोच बेल वाजली. दारात कोण? "दीदी, नए बैच में जगह है क्या?" गुड्डी! माझी गुड्डी!

मी ताडकन उठले, पदर नाकापर्यंत ओढला, "अच्छा, मैं आती हूँ!" म्हणाले आणि गुड्डीच्या बाजूनं सटकले. घरी येऊन साडी फेकली, गाऊन चढवला आणि रागारागानं कांदा चिरायला बसले.

संध्याकाळी हे आले. "अगं, खाली केवढी गर्दी! डी विंगमधून कुणी शर्मा नावाची बाई गायब झालीय. गच्चीवर शोधून झालं, आता पाण्याच्या टाकीत बघतायत!"

सुरी तशीच टाकली. गाऊनवर ओढणी घेतली आणि धावले.

खाली मिश्राबाई रडवेल्या. "कितना पसीना आ रहा था उनको! बोलके गईं, आती हूँ. मैं चाय ढक के बैठी रही."

वॉचमन शपथेवर सांगत होता, "यहाँ कोई शर्मा रहता नहीं, और गेट से कोई बाहर गया ही नहीं!" कसं जाणार? मी बी विंगमध्ये कांदा चिरत होते!

आमचे सेक्रेटरी पाटील, इथल्याच गावचे. ते फोन काढून म्हणाले, "आता पोलिसांनाच बोलावतो. टाकीचं पानी पन सगलं सोडावं लागंल."

पोलीस! मी ओरडले, "पुलिस को मत बुलाओ! वो घर गई!"

"आपको कैसे पता?" मिश्राबाईंनी विचारलं. "वो तो आनेवाली थीं."

आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. "अहो, हमारे में निकलते टाइम 'जाती हूँ' कभी नहीं बोलते. अशुभ होता है! 'येते' बोलके निकलने का. आती हूँ बोली, मतलब वो गई!"

पाटलांनी डोकं खाजवलं. "पन मॅडम, ती शर्मा तर कानपूरची हाय ना? ती कशाला आपल्यासारखं बोलंल?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. मिश्राबाई माझ्या भांगाकडे बघत होत्या. शेंदूर पुसायचा राहिला होता हो!

मला वाटलं, आता चोर म्हणून धिंडच निघणार. पण बाई पुढे आल्या, माझे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मॅडम, आपको इन्फिनिटिव नहीं आता था तो सीधे बता देतीं! सीखने में कैसी शर्म?"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. पाटील म्हणाले, "बघा, याला बोलतात शिकायची आवड!" आणि मी काय बोलणार? येतं म्हणावं, तर मग चोरून कशाला गेले होते ते सांगावं लागलं असतं. मान खाली घालून म्हटलं, "हां जी, थोडा कच्चा है मेरा."

दुसऱ्या दिवशी क्लासची वेळ झाली. फळा पुसून बसले. गुड्डी नाही, रेखा नाही. शेवटी गुड्डीला फोन केला.

"अगं, आज आली नाहीस? क्लास है ना?"

"मॅडम, हम दोनों तो मिश्रा दीदी के यहाँ बैठे हैं," गुड्डी म्हणाली. "आपकी भी जगह रखी है. जल्दी आइए, शुरू हो गया!"