शोकेसमधला ओलावा

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात कुठलीही वस्तू ती जशी होती तशी सुखानं राहू दिलेली नाही. बाजारातून आणलेली वस्तू म्हणजे त्यांच्या लेखी नुसता कच्चा माल. श्रीगोंद्याच्या त्यांच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर स्कूटरचा आरसा लावलेला आहे, भाजी परतता परतता फाटकाशी कोण आलंय ते दिसावं म्हणून. बिघडलेल्या कूलरच्या पंख्यावर धान्य उफणलं जातं आणि वॉशिंग मशीनच्या जुन्या ड्रममध्ये कढीपत्ता जोमानं वाढतोय. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून उभी हयात गेली, त्यामुळे तपासल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही ही दुसरी खोड. रसवंतीवर गेले की आधी ग्लास उजेडाकडे धरतात, एक घोट जिभेवर घोळवतात आणि रसवंतीवाल्याला सुनावतात, "तोडून दोन-तीन दिस झालं ऊस. शिळा हाय." लग्नाच्या पंक्तीत ते जिलबीच्या पाकावर बोलायला लागले की वाढपी लांबून वळसा घेतात. मी नगरला राहतो. अधूनमधून बायकोला घेऊन तिच्या बहिणीकडे एसटीनं जातो, पण खरं सांगायचं तर बहिणींच्या भेटीपेक्षा यावेळी कशाचं काय झालंय ते बघण्याची मलाच जास्त घाई असते.

एका वस्तूला मात्र त्यांचा हात कधी लागला नव्हता. ती म्हणजे बैठकीतली सागवानी शोकेस. तिच्यावर राज्य आमच्या मेव्हणीचं, म्हणजे अक्कांचं. आत काचेचा लेमन सेट, प्लास्टिकचा ताजमहाल, बाळूच्या शाळेतले कप, कुणाच्या तरी बारशाला आलेली आणि अजून पिशवीतून न काढलेली बाहुली, कारखान्यानं साडूंना दिलेली ट्रॉफी. आपल्याकडे शोकेसमध्ये गेलेली वस्तू पुन्हा वापरात येत नाही. घरी कितीही मोठा पाहुणा येवो, सरबत स्टीलच्या पेल्यातूनच मिळतं आणि त्यानं ते लेमन सेटकडे बघत प्यायचं असतं. साडूंनी एकदा त्या काचांचं सौर चुलीसाठी काहीतरी करू या, असं नुसतं म्हटलं होतं, तर अक्का दोन दिवस बोलल्या नव्हत्या.

बाळू हा त्यांचा एकुलता एक मुलगा, मालवाहू जहाजावर इंजिनिअर. बापलेकांचं कधी जमलं नाही असं म्हणता येणार नाही, पण जमायला दोघांना एकमेकांशी बोलावं लागतं, ते कधी झालं नाही. कॉलेजात असताना बाळूच्या तोंडाला बिडीचा वास आला म्हणून साडूंनी त्याला भर चौकात मारलं होतं. तेव्हापासून घरात दोघं असले तरी घर गप्पच असायचं. बाळूचा फोन आला की साडू "जेवलास का?" एवढं विचारायचे आणि उत्तर यायच्या आत फोन अक्कांच्या हातात द्यायचे.

तर हा बाळू एका सुट्टीत येताना कुठल्याशा बंदरातून सिगारांची एक लाकडी पेटी घेऊन आला. ती कुणासाठी आहे हे सुट्टीभर कुणाला कळलं नाही. निघायच्या दिवशी आम्ही त्याला एसटी स्टँडवर सोडायला गेलो, गाडी लागली, आणि पायरीवर चढता चढता त्यानं ती पेटी पिशवीतून काढून वडिलांच्या हातात ठेवली. म्हणाला, "बाबा, हे राहू द्या. पुढच्या टायमाला आलो की दोघं बसू." आणि वर चढला. जन्मात सुपारीचं खांड न खाल्लेला हा माणूस पेटी छातीशी धरून गाडी वळेपर्यंत उभा होता. परत येताना वाटेत मला म्हणाले, "दोघं बसू म्हनला. ऐकलं न्हवं तुमी?" मी म्हटलं, "ऐकलं की." थोडं पुढे गेल्यावर पुन्हा थांबले. "म्हंजे माज्यासंगंच ना?"

पेटी साहजिकच शोकेसमध्ये गेली, ताजमहालाशेजारी. पण आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे ओठ फुटायचा उन्हाळा. चैत्र सरता सरता साडूंनी पेटी उघडून बघितली तर वरच्या सिगारेला चीर गेलेली. त्यांनी तडक बाळूला फोन लावला. स्वतःहून मुलाला फोन करण्याची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि पलीकडे बाळू घाबरला, घरी काही बरंवाईट झालं की काय म्हणून. "तसं न्हाई रं," हे म्हणाले, "तुजं पान वाळाय लागलंय." मग बाळूनं सांगितलं की सिगारेला सत्तर टक्क्यांच्या आसपास दमट हवा लागते, तिकडे त्यासाठी खास कपाटं असतात. साडूंनी फोन ठेवला आणि शोकेसकडे बघितलं. अक्कांनी ते बघणं बघितलं.

त्या दिवशी काय झालं ते मला अक्कांकडूनच कळलं. भांडणाच्या तयारीनं त्या कंबर कसून उभ्या राहिल्या, पण साडू एवढंच म्हणाले, "पोरगं येईस्तवर टिकलं पायजे गं." अक्कांनी कमरेची किल्ली काढली आणि एकेक वस्तू स्वतःच्या हातानं बाहेर काढून ठेवली. ताजमहाल फ्रिजवर गेला, ट्रॉफीत उदबत्त्या आल्या, आणि मला त्या घरात पहिल्यांदाच लेमन सेटमधून सरबत मिळालं. ते पिताना मी ग्लास दोन्ही हातांनी धरला होता.

मग साडूंनी शोकेसची जी काही अवस्था केली ती बघायला अर्धी गल्ली येऊन गेली. वखारीतून देवदाराच्या फळ्या आणून आतून अस्तर दिलं. सरकत्या काचांच्या फटींना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या आणि कॅलेंडरचं पान फटीत धरून ते ओढलं तर निघतं का, हे तपासत बसले. आर्द्रता मोजायचं घड्याळ आणलं, पण कंपनीवर विश्वास कसला ठेवायचा? म्हणून बाटलीच्या झाकणात मीठ भिजवून ते आणि घड्याळ एका डब्यात बंद केलं, कारण ओल्या मिठाभोवती हवा किती दमट होते ते ठरलेलं असतं, घड्याळानं तेवढंच दाखवलं तर ते खरं. "मिठाला पानी पाजत बसलेत," अक्का माझ्या बायकोला म्हणाल्या. ओलाव्यासाठी फुटक्या माठाच्या खापऱ्या, उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून, खालच्या कप्प्यात रचल्या. वर ऊन लागू नये म्हणून अक्कांच्या जुन्या जरीच्या साडीचा पडदा. शेजारची एक म्हातारी नवीन देव बसवला समजून बाहेरूनच हात जोडून गेली.

आणि इतकं सगळं झाल्यावर घात झाला तो अक्कांच्या हातून. पडद्यावर त्यांना एक बारीक किडा दिसला. बंद कपाटात किडा दिसला की आपल्या बायका जे करतात तेच त्यांनी केलं, चार कप्प्यांत डांबराच्या गोळ्या टाकल्या. साडू कारखान्यातल्या एका दोस्ताकडे गावाला गेले होते. परत आले, काच सरकवली आणि तिथंच खाली बसले. अक्कांना वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण ते एकेक गोळी वेचून रुमालात बांधायला लागले, आणि मग अक्काच रडायला लागल्या. "माज्या लेकाची वस्तू मीच नासवली," हे एकच वाक्य. साडूंनी सगळ्या सिगारा सुपात काढल्या, सावलीला कुरडया वाळत घालाव्यात तशा मांडल्या, खापऱ्या बदलल्या, फळ्या पुसून काढल्या. अक्का दिवसभर सुपाशेजारी कावळे हाकत बसून राहिल्या. वास कमी झाला, पण गेला नाही.

इकडे बाळूची सुट्टी पुढे ढकलली जात होती. कधी बदलीचा माणूस आला नाही, कधी जहाजाचा मार्गच बदलला. पण आता तो फोन करायचा तो वडिलांना. व्हिडिओवर साडू मोबाईल त्या घड्याळाच्या काट्यासमोर धरायचे. "अडुसष्ट दावतंय बघ." "एक खापरी वाढवा बाबा." "आज ढग हायेत, राहू दे." बापलेकांना बोलायला अखेर एक विषय मिळाला होता, आणि तो संपू नये म्हणून दोघंही हवेतल्या ओलाव्यावर इतकं बारकाईनं बोलायचे की हवामान खात्यानंही ऐकत बसावं. मला वाटतं, सिगारा टिकतात की नाही यापेक्षा साडूंना दुसरीच भीती होती. पोरगा ते "दोघं बसू" सहज बोलून गेला असेल आणि विसरला असेल तर?

तो विसरला नव्हता. कारखान्याचा हंगाम नुकताच सुरू झाला होता, गावभर मळीचा वास होता, तेव्हा बाळू आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडूंनी मलाही गच्चीवर बोलावलं; बहुधा एकट्यानं धीर होत नसावा. धुतलेला सदरा घालून ते पेटी घेऊन आले. बाळूनं एका सिगारेचं टोक कापून ती वडिलांना दिली, काडी धरली. साडूंना जबरदस्त ठसका लागला. डोळे पुसत म्हणाले, "डांबराचा वास येतोय का रं?" बाळू म्हणाला, "कशाचा? झकास हाय."

"आता तुजी पेटव."

बाळूनं सिगार बोटांत धरली. ओठांपर्यंत नेली, खाली आणली, पुन्हा नेली. जगभरच्या बंदरांत फिरलेला, पस्तिशी ओलांडलेला हा गडी, त्याच्या हातातली काडी जळत जळत बोटाला पोचली. "न्हाई जमत बाबा," तो म्हणाला. "तुमच्यासमोर हातच उठत न्हाई."

"आरं, मीच म्हनतोय की."

"तरी पन."

साडूंचा चेहरा असा काही उतरला की मी दुसरीकडे बघायला लागलो. इतके दिवस जपलेला ओलावा, आणि आता हे. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली, गच्चीच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या काळ्या टाकीकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "मग टाकीमागं जा."

बाळू गेला. काडी ओढल्याचा आवाज आला. साडू उठून टाकीला पाठ लावून अलीकडे बसले. टाकीच्या दोन्ही बाजूंनी धूर वर जात होता. मग साडूंनी समोर बघत, मान न वळवता विचारलं, "तिकडं एकटं वाटतं का रं?"

टाकीमागून धुराचा एक मोठा लोट वर गेला. मग उत्तर आलं, "व्हय. लई."

मी चपला हातात घेऊन जिना उतरलो. खाली अक्का पोळ्या लाटत होत्या. वरचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. अक्कांनी गॅस बारीक केला आणि लाटणं तसंच धरून त्या ऐकत उभ्या राहिल्या.

बाळू आता पुन्हा समुद्रावर आहे. परवा मी गेलो तेव्हा संध्याकाळ होत होती आणि साडू घरात दिसले नाहीत. वर जाऊन बघितलं तर गच्चीवर एकटेच होते, टाकीला पाठ लावून बसलेले. मी येऊ का म्हणून विचारणार होतो, पण त्यांनी मान किंचित मागे कलती केली होती, पलीकडून कुणी बोललं तर नीट ऐकू यावं अशी. मी तसाच परत खाली आलो.